खजिना कोणाच्या वाट्याला?

(करमाळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर शेती, पाणी, इतिहास, राज्यघटना असे भारदस्त विषय येतात आणि ते यायलाच हवेत. मी मात्र आज मुलांच्या सिनेमाबद्दल बोलणार आहे. मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं, त्यांवरून निघणारे अद्भुताचे आणि साहसाचे चित्रपट, आणि त्या चित्रपटांत आपल्या भागातल्या पोराला मिळालेली जागा, एवढा आजचा विषय. ऐकायला तो सुटीतला वाटेल. पण कोणत्या मुलाने कसलं स्वप्न बघायचं हे समाज परस्पर ठरवून टाकत असतो, आणि तो निवाडा सर्वांत उघडपणे दिसतो तो त्या समाजाच्या मुलांच्या गोष्टींत. म्हणून हा विषय मला या व्यासपीठाला साजेसा वाटतो.

गेल्या वीस-बावीस वर्षांत मराठीत मूल मध्यभागी ठेवून चांगले चित्रपट निघाले. जरा आठवून बघा. 2004 चा ‘श्वास’ : कोकणातला परशुराम, डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रियेआधी नातवाला जग दाखवायची आजोबांची धडपड. 2008 चा ‘टिंग्या’ : कर्जात बुडालेलं शेतकऱ्याचं घर आणि पोराचा जीव अडकलेला बैल. 2014 चा ‘एलिझाबेथ एकादशी’ : शेजारचं पंढरपूर, बाप गेलेलं घर, विकायला निघालेली सायकल वाचवण्यासाठी वारीत बांगड्या विकणारी भावंडं. सगळे मनापासून केलेले चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. आता दुसरी यादी पाहू. दिलीप प्रभावळकरांच्या पुस्तकातून 2009 मध्ये पडद्यावर आलेला ‘बोक्या सातबंडे’. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतून 2012 मध्ये आलेला ‘चिंटू’, आणि पुढच्याच वर्षी आलेला त्याचा दुसरा भाग, ज्याचं उपशीर्षकच ‘खजिन्याची चित्तरकथा’ होतं. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांवरून 2017 मध्ये आलेला ‘फास्टर फेणे’.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वाटणी दिसते. शहरातल्या पोराला खजिना मिळतो आणि गावातल्या पोराला प्रश्न मिळतो. सोसायटीतल्या मुलाने नकाशा उलगडायचा, चोर पकडायचा, धमाल करायची. गावातल्या मुलाने कर्ज, आजार, दुष्काळ आणि शाळेची फी पाहून डोळ्यांत पाणी आणायचं, आपल्याही आणि प्रेक्षकांच्याही. कोणी बैठक घेऊन असं ठरवलेलं नाही. दिग्दर्शकांना दोष देण्याचाही माझा हेतू नाही. गावाचं दुःख त्यांनी खरं दाखवलं. पण दुःखाखेरीज दुसरं काही गावातल्या मुलाच्या वाट्याला येतच नसेल, तर त्या खरेपणालाही एक डोळा कमी आहे, असं म्हणावं लागतं.

ही रीत जुनी आहे. मुलांच्या हाती आपण पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या पुस्तकांतलं पडद्यावर आलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि देशातलं उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. श्याम कोकणातल्या गावचा, गरिबीत वाढणारा. त्याला मिळाले संस्कार आणि अश्रू. ते मोलाचे आहेत, यात वादच नाही. पण सुरुवातीलाच एवढा मोठा नमुना उभा राहिल्यावर गावातल्या मुलाची गोष्ट म्हणजे रडवणारी, शिकवणारी गोष्ट, हा आपला समज घट्ट होत गेला असावा, असं मला वाटतं.

गंमत अशी की, आपल्या तोंडी परंपरेत ही वाटणी नव्हती. लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी कुठल्या राजवाड्यातली नव्हती. जंगलात वाघाला बनवणारी ही बाई खेड्यातलीच, हातात काठी असलेली. विहिरीवरच्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा, तिन्हीसांजेला पांदीत भेटणारा खवीस, ही सगळी मंडळी गावचीच रहिवासी. त्यांच्याशी गाठ पडायची ती गुराख्याच्या पोराची, शेळ्या वळणाऱ्या पोरीची. म्हणजे अद्भुत हे गावाकडे होतंच. ते पुस्तकात शिरलं आणि पुस्तकातून पडद्याकडे निघालं, तेव्हा वाटेत कुठेतरी गावातलं मूल मागे राहिलं.

पडद्यालाही अद्भुताचं वावडं नव्हतं. आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी चमत्कारांत झाला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी एका रोपाची वाढ थोडी थोडी टिपून काही क्षणांत पडद्यावर दाखवली होती. पुढे 1917 मध्ये ‘लंकादहन’ आला, आणि 1919 मध्ये ‘कालिया मर्दन’. या दुसऱ्या चित्रपटातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साध्या रूपात प्रेक्षकांपुढे येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की ही माझी पोर आहे, आणि आता बघा, हीच डोहात उतरून नागाशी लढणार आहे. एका लहान मुलीच्या अंगात एवढं सामर्थ्य असू शकतं, हे शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यातून दाखवलं. कथा पुराणातली होती, पण तिच्यातलं साहस मुलाचं होतं.

पुढे हे अद्भुत सिनेमापेक्षा रंगभूमीवर जास्त रमलं. 1959 मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ सुधा करमरकरांनी बसवलं आणि मराठी बालरंगभूमीला बहर आला. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण तर अजून मुलांना घाबरवते आणि हसवते. त्या चेटकिणीचं काम रंगमंचावर पहिल्यांदा गाजवलं ते दिलीप प्रभावळकरांनी. तेच पुढे ‘बोक्या सातबंडे’चे लेखक झाले, आणि तेच ‘फास्टर फेणे’ चित्रपटात भा. रा. भागवतांच्या रूपात दिसले. मराठी मुलांच्या करमणुकीचा अर्धा इतिहास या एका माणसाच्या कारकिर्दीत सापडतो. मात्र बालनाट्याची धाव मुंबई-पुण्यापर्यंत, फार तर जिल्ह्याच्या गावापर्यंत. तालुक्याच्या मुलांना चेटकीण क्वचितच भेटली. त्यांना भेटला तो महेश कोठारेंच्या चित्रपटांतला चमत्कार : 1990 च्या ‘धडाकेबाज’मधला बाटलीत बंद असलेला गंगाराम, आणि 1993 च्या ‘झपाटलेला’मधला, रामदास पाध्येंनी घडवलेला तात्या विंचू. पोरांनी हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत, व्हिडिओवर, पुढे टीव्हीवर अक्षरशः पाठ केले. पण त्यांत जे काही घडे ते मोठ्यांच्या बाबतीत. मुलं फक्त बघ्यांत.

आता भागवतांकडे वळू, कारण मुलांच्या पुस्तकावरून चित्रपट काढण्याचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण तेच आहे. भास्कर रामचंद्र भागवत 1910 मध्ये इंदूरला जन्मले. 1951 मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केलं. ज्युल्स व्हर्नची चंद्रावरची स्वारी आणि पाताळातली यात्रा त्यांनी मराठी मुलांपर्यंत पोचवली, लुईस कॅरॉलच्या ॲलिसची जाई केली. आणि मग स्वतःचा नायक उभा केला : बनेश फेणे. अंगाने काडी, डोक्याने तल्लख, सायकलवर सुसाट, तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा. शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, पण मूळचा फुरसुंगीचा. हे फुरसुंगी मला फार महत्त्वाचं वाटतं. भागवतांनी त्या काळात आपला नायक सदाशिव पेठेतल्या वाड्यातून काढला नाही, पुण्याबाहेरच्या एका गावातून आणला. शहराच्या शाळेत नवखा असलेला हा पोरगा कधी जंगलात, कधी प्रतापगडावर, कधी काश्मिरात जाऊन पोचतो. मोठ्यांचं लक्ष नसताना तो पाहतो, मोठे गोंधळतात तेव्हा तो ठरवतो. या पुस्तकांत राक्षस नाहीत, पऱ्या नाहीत. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढं जग येतं, हेच त्यातलं अद्भुत आहे.

आदित्य सरपोतदारांनी केलेल्या 2017 च्या चित्रपटात हा बनेश तरुण झाला. अमेय वाघने तो चटपटीत उभा केला, गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला अप्पा हा खलनायक लक्षात राहिला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा हा विषयही आजचा. चित्रपट म्हणून तो पाहण्याजोगा आहे. निर्मात्यांचा हिशेबही समजण्यासारखा आहे : भागवत वाचलेले वाचक आता पालक झाले, तिकीट काढणारी पिढी कॉलेजातली, आणि लहान मुलाच्या खांद्यावर अख्खा चित्रपट टाकायचा म्हणजे जोखीम. पण त्यात काय झालं पाहा. मुलांच्या पुस्तकाचा नायक मोठा झाला, आणि चित्रपटात जे खरोखर लहान मूल आहे, रस्त्यावर वाढणारा भूभू, तो नायकाचा मदतनीस झाला. पुस्तकात जे धाडस मुलाचं होतं ते पडद्यावर येईपर्यंत मोठ्या माणसाचं झालं. आता दहा वर्षांचा मुलगा तो चित्रपट पाहून म्हणेल, ‘मोठा झालो की मीही असं करीन.’ भागवतांचं पुस्तक वाचून तो म्हणायचा, ‘उद्या सकाळी.’

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. मुलांच्या अद्भुत पुस्तकावरचा जगातला बहुधा सर्वांत लाडका चित्रपट घ्या, ‘द विझार्ड ऑफ ओझ’. एल. फ्रँक बॉमचं पुस्तक 1900 चं, चित्रपट 1939 चा. यातली डोरोथी कोण आहे? कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वाढणारी अनाथ पोर. पुस्तकाच्या सुरुवातीचं कान्ससचं माळरान वाचताना करमाळ्याच्या माणसाला परकं वाटणार नाही. उन्हाने भाजून भेगाळलेली जमीन, करपलेलं गवत, रंग उडालेलं घर, कष्टाने हसणं विसरलेली काकू. त्या घरातून वावटळीने उचललेली मुलगी थेट जादूच्या देशात पडते. चित्रपटाने हे फार देखणं केलं : गावाकडचा भाग मातकट एकरंगी, आणि दार उघडून डोरोथी ओझमध्ये पाऊल टाकते तेव्हा पडदाभर रंग. पुस्तकातले चांदीचे जोडेसुद्धा रंगीत फिल्मवर उठून दिसावेत म्हणून माणकांचे झाले. पण शेवटी चित्रपट एक गोष्ट काढून घेतो. डोरोथी अंथरुणात जागी होते आणि भोवतीची मोठी माणसं तिला सांगतात की तुला स्वप्न पडलं. पुस्तकात ते स्वप्न नव्हतं. पुस्तकातली डोरोथी खरोखर गेली होती. पुढच्या एका पुस्तकात, 1910 च्या, हेन्रीकाकांनी घर बांधण्यासाठी शेत गहाण टाकलेलं असतं, कर्ज फिटत नाही, जमीन सावकाराच्या घशात जायची वेळ येते. तेव्हा डोरोथी काका-काकूंना कायमचं ओझमध्ये घेऊन जाते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची पोर अख्ख्या घराला जादूच्या देशात नेऊन बसवते, एवढं बळ बॉमने तिला दिलं होतं. हॉलिवूडला ते पेललं नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशात आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात 1915 मध्ये गुपी आणि बाघा यांची गोष्ट छापली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी 1969 मध्ये तिच्यावर ‘गुपी गाइन बाघा बाइन’ काढला, तोही आपल्या मुलाने मुलांसाठी चित्रपट काढ म्हणून हट्ट धरला तेव्हा. गुपी खेड्यातल्या वाण्याचा पोरगा. आवाज बेसूर, म्हणून राजाने त्याला गाढवावर बसवून गावाबाहेर घालवलं. बाघा ढोल वाजवणारा, त्यालाही गावाने हाकललेलं. दोघांची गाठ जंगलात पडते, भुतांचा राजा प्रसन्न होतो आणि तीन वर देतो : मागाल ते अन्नवस्त्र, जावं वाटेल तिथे नेणारे जोडे, आणि ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील असं गाणं. मात्र अन्नासाठी आणि प्रवासासाठी दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची, एकट्याला काही मिळायचं नाही. शेवटी हे दोन हाकललेले गावंढे दोन राज्यांतलं युद्ध थांबवतात. कसं? उपाशी सैन्यापुढे आकाशातून मिठाईची मडकी उतरवून. राय यांच्यापाशी पैसा नव्हता. संपूर्ण चित्रपट रंगीत करणं परवडेना, तेव्हा फक्त अखेरचा भाग रंगीत केला. भुतांचा सहा-सात मिनिटांचा नाच त्यांनी कृष्णधवल फिल्म, वेशभूषा, सावल्या आणि तालवाद्यं एवढ्यावर उभा केला. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बंगालमधली मुलं आजही त्या गाण्यांवर वाढतात.

आता आपल्या तालुक्यात येऊ. करमाळ्याच्या व्यासपीठावर सिनेमाबद्दल बोलायचं आणि जेऊरच्या दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. पण त्यांच्या ‘सैराट’बद्दल मी बोलणार नाही, त्यावर इथल्या प्रत्येकाला माझ्याहून जास्त माहिती आहे. मला बोलायचं आहे ते 2014 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’बद्दल. तो मुलांचा चित्रपट नाही आणि कुठल्या पुस्तकावरूनही घेतलेला नाही. तरीही तो मी आजच्या विषयाच्या मध्यभागी ठेवतो, आणि त्याचं कारण सांगतो.

‘फँड्री’तला जब्या कैकाडी घरातला. गावात डुकरं धरायचं काम घराच्या वाट्याला आलेलं. केमच्या सोमनाथ अवघडेने हा जब्या उभा केला आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. जब्याला शाळेतली शालू आवडते. त्याने कुठून तरी ऐकलेलं असतं की काळी चिमणी मारून तिची राख आवडत्या माणसावर टाकली की ते माणूस आपलं होतं. मग हातात गलोल घेऊन, पिऱ्याला सोबत घेऊन, जब्या माळावर त्या चिमणीच्या मागे फिरत राहतो. आता जब्याची जात, त्याचं घर, सगळं क्षणभर बाजूला ठेवून नुसता सांगाडा बघा. एक मुलगा. त्याची एक इच्छा. ती पुरी करणारी एक जादूची वस्तू, जी सहज हाती लागत नाही. सोबतीला एक जिवलग. वाट दाखवणारा, जगावेगळा वाटणारा एक मोठा माणूस, तो सायकल-दुकानवाला चंक्या, जो स्वतः मंजुळेंनी केला. हा सांगाडा जगातल्या हरेक अद्भुत साहसकथेचा आहे. राजपुत्र सोनेरी पक्षी शोधायला निघतो त्याच वाटेने जब्या निघालेला आहे. त्याची गोष्ट सुरू होते ती मुलांच्या पुस्तकासारखी.

पण ती तशी पुरी होत नाही. प्रत्येक वेळी गाव आडवं येतं. जत्रेत पोरं नाचत असतात आणि जब्याच्या डोक्यावर दिवा देऊन त्याला उभं केलं जातं. शेवटी शाळेशेजारी, सगळ्या वर्गासमोर, शालूसमोर, त्याला घरच्यांबरोबर डुकराच्या मागे धावायला लागतं. लोक हसतात. चिमणी राहते बाजूला, आणि जब्या जो दगड उचलतो तो थेट आपल्या दिशेने येतो. या शेवटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात आणखी एक दिसतं. जातीने जब्याकडून मान हिरावला, खेळ हिरावला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण तिने त्याची साहसकथाही हिरावली. अद्भुत त्याच्या मनात भरपूर होतं. ते घडू द्यायला गाव तयार नव्हतं. गुपीलाही गावाने हाकललं होतं, पण गावाबाहेर त्याला भुतांचा राजा भेटला. जब्याला गावाबाहेरही गावच भेटतं.

हे समजल्यावर एक आक्षेप आपोआप निकालात निघतो. काही जाणती माणसं म्हणतात की गरिबाच्या पोराला पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल, त्याला वास्तव दाखवा. माझं म्हणणं असं की वास्तव त्याला कोणी दाखवायची गरज नाही. ते तो सकाळी उठल्यापासून पाहतो. वास्तवाचे चित्रपट खरं तर ज्यांना ते दिसत नाही त्यांच्यासाठी असतात, आणि म्हणून ते शहरातल्या चित्रपटगृहांत गंभीरपणे पाहिले जातात. गावातल्या मुलाला ज्याची वाण आहे ते वेगळं आहे : आपण काही घडवू शकतो, जग आपल्या हाताने हलतं, हा अनुभव. तो काल्पनिक असला तरी चालेल. किंबहुना आधी कल्पनेत आल्याशिवाय तो प्रत्यक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. अद्भुत चित्रपट म्हणजे संगणकावरची करामत, कोट्यवधींचा खर्च, मराठीला ते कसं झेपणार? यावर अलीकडचीच एक गोष्ट सांगतो. ‘फास्टर फेणे’ करणाऱ्या आदित्य सरपोतदारांनीच 2024 मध्ये ‘मुंज्या’ काढला. आपल्याच लोककथेतला मुंजा, आपलंच कोकण, आणि संगणकाने उभं केलेलं ते भूत. चित्रपट चांगलाच चालला. पण तो हिंदीत, आणि घाबरत हसायला आवडणाऱ्या मोठ्यांसाठी. म्हणजे आपल्याकडे गोष्ट आहे, ती सांगणारा दिग्दर्शक आहे, करामत करणारे हातही आहेत. भांडवल मात्र दुसऱ्या भाषेचं. ही अडचण खरी आहे आणि ती मी हलकी करत नाही. पण फाळक्यांचा नाग, पाध्येंचा बाहुला आणि राय यांची भुतं काही संगणकातून आली नव्हती. मुलं जादू किती महाग आहे हे मोजत नाहीत. त्यांना तिचे नियम लागतात. टाळी एकमेकांच्याच हातावर द्यायची, हा नियम एकदा कळला की दोघांची ताटातूट झाल्याबरोबर मुलाचा श्वास अडकतो, आणि त्या थराराला एक रुपया लागत नाही.

तेव्हा खरी उणीव पैशाच्याही आधीची आहे. ओझच्या मागे बॉमचं पुस्तक होतं, गुपीच्या मागे उपेंद्रकिशोरांची गोष्ट होती, फेणेच्या मागे भागवतांची वीस पुस्तकं होती. जब्याच्या मागे पुस्तक नव्हतं. करमाळा, माढा, परांडा, कर्जत, जामखेड या आपल्या पट्ट्यातल्या मुलाला नायक करून लिहिलेलं, त्याला निखळ साहस देणारं पुस्तक मला तरी चटकन सांगता येत नाही. आणि चित्रपट आधी निघेल, पुस्तक मागून येईल, असं सहसा होत नाही.

सामग्री कमी आहे का? उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आजही एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाड्यांच्या भिंती, देवळांची शिखरं वर येतात. पलीकडच्या काठाला पळसदेवचं देऊळ दिसू लागतं. हिवाळ्यात त्याच पाण्यावर दूरदेशीचे रोहित पक्षी उतरतात. आजीचं घर पाण्याखाली असलेली एक पोर, वर्षातून काही दिवसच उघडं पडणारं गाव, आणि पाणी परत चढण्याआधी तिथून आणायची एखादी वस्तू : एवढ्यावर एक कादंबरी उभी राहते. तिच्यात विस्थापितांचं दुःखही येईल, पण ती पोर त्या दुःखाकडे रडायला जाणार नाही, काही तरी शोधायला जाईल. आपल्या कमलाभवानीच्या देवळाबद्दल तर शहाण्णवचा आकडा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो : शहाण्णव खांब, शहाण्णव पायऱ्यांची विहीर. मुलाला एवढं सांगितलं की तो पहिला प्रश्न विचारणार, सत्त्याण्णवावी पायरी कुठे आहे? मोठे म्हणतील, नाही. साहसकथा तिथेच सुरू होते. केमच्या कुंकवाचं घ्या. पिवळ्या हळदीवर चुना पडला की ती लालभडक होते, हे आपण रोज पाहतो म्हणून त्याचं नवल वाटत नाही. लेखकाला वाटलं पाहिजे. जी. ए. कुलकर्णींसारख्या गंभीर कथाकाराने मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली, तेव्हा अद्भुत शोधायला ते परदेशी गेले नाहीत. घर, अंगण आणि भोवतीचे पक्षीप्राणी यांतच त्यांना ते सापडलं.

मी शिक्षक मंडळींना आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना एक विनंती करून थांबतो. मुलांकडून आपण निबंध लिहून घेतो : माझा आवडता सण, पाण्याचे महत्त्व. या वर्षी गोष्टी लिहून घ्या. अटी तीनच ठेवा. नायक किंवा नायिका आपल्या गावची हवी. गोष्टीत एक जादू असावी, पण तिला नियम असावेत. आणि शेवटी सुटका कोणा मोठ्या माणसाने करायची नाही, मुलानेच करायची. बऱ्याच गोष्टी कच्च्या निघतील, काही टीव्हीवरून उचललेल्या असतील. त्यातून दहा टिकतील. त्या दहांना बसवून पुन्हा लिहायला लावा, जाणत्या लेखकाकडून वाचून घ्या, आणि एक पुस्तक छापा. या व्याख्यानमालेने पुढच्या वर्षी एक संध्याकाळ त्या मुलांना द्यावी. व्यासपीठावर त्यांनी बसावं आणि आपण खाली सतरंजीवर. पुस्तक छापायला मुंबईचं भांडवल लागत नाही. तालुक्याच्या प्रेसमध्ये ते होतं.

जब्याला काळी चिमणी मिळाली नाही, आणि मिळाली असती तर ‘फँड्री’ खोटा ठरला असता. मंजुळेंनी आपलं काम चोख केलं : गाव आडवं कसं येतं ते दाखवलं. आडव्या येणाऱ्या गावावर मात करून चिमणी हाती घेणाऱ्या मुलाची गोष्ट लिहिणं हे दुसरं काम आहे. ते पुण्या-मुंबईतून कोणी येऊन करून देणार नाही. ते करमाळ्यात व्हायचं आहे.